नवा फोन घेतलाय? मग आधी हे निवांत बसून करा

“भावा, ह्यात सातबारा असतोय म्हणं. काढ की जरा.”

गेल्या महिन्यात एका काकांनी नवाकोरा फोन माझ्या काउंटरवर ठेवला. काचेवरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. सोसायटीत कर्जाचं प्रकरण द्यायचं होतं, साहेब दीडला जेवायला उठणार आणि घड्याळात साडेबारा झालेले. गट नंबर विचारला तर म्हणाले, “ओढ्याकडचं रान न्हवं का, त्येचा.” नावावरून शोधलं तर गावात त्याच नावाचे तिघं निघाले. मग घरी फोन, काकूंनी कपाट उघडलं, जुना उतारा सापडला, तोवर इकडं काकांचा घाम. सातबारा निघाला सव्वाला. निवांत बसलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

माझं कोल्हापुरात शाहूपुरीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. फोन वापरता येत नाही म्हणून अडलेली माणसं मला कमी भेटतात. वापरायची वेळ आली तेव्हाच पहिल्यांदा उघडून बघितला म्हणून अडलेली रोज भेटतात. त्यामुळं खाली जे सांगतोय ते गरज नसताना, रात्री जेवण झाल्यावर, चहा घेत एकदा करून बघायचं. एका बैठकीत सगळं उरकायच्या मागं लागू नका.

आधी फोन आवरा

प्लॅस्टिक काढा. हसू नका, त्या प्लॅस्टिकमुळं बोटाचा ठसा नीट लागत नाही आणि मग लोक कुलूपच काढून टाकतात. स्क्रीनला कुलूप हवंच. सहा आकडी पिन ठेवा. जन्मतारीख नको, गाडीचा नंबरही नको.

सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’मध्ये जाऊन अक्षरं मोठी करा. चष्मा शोधत बसण्यापेक्षा हे बरं. नंतर गुगल खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. वहीत लिहू नये असं शिकलेली पोरं सांगतात, पण मी वीस वर्षांत वही चोरीला गेलेली बघितली नाही, पासवर्ड विसरलेली माणसं मात्र आठवड्याला चार येतात. वही घरात ठेवा, फोनच्या कव्हरात नको.

व्हॉट्सअ‍ॅप टाकलं की त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. तिथं सहा आकडी पिन ठेवायचा असतो. तुमच्या नंबरवर आलेला कोड कुणी गोड बोलून काढून घेतला तरी हा पिन नसेल तर त्याला तुमचं खातं त्याच्या फोनवर चालू करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्येच ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ही उघडून बघा. तुम्ही कधी कॉम्प्युटरला जोडलं नसेल आणि तिथं काही दिसत असेल तर ‘लॉग आउट’ करा.

अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं. हे मी दिवसातून दहादा सांगतो आणि तरी लग्नसराईत दोन-तीन फोन बिघडून येतातच. होतं असं की ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते. नाव ‘लग्नपत्रिका’ आणि शेवटी ‘डॉट एपीके’. पत्रिका म्हणजे फोटो असतो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप. दाबलं की ते फोनमध्ये बसतं, ‘एसएमएस वाचू का’ विचारतं, माणूस घाईत ‘हो’ म्हणतो. पुढं बँकेचा ओटीपी आला की तो चोराला आधी दिसतो, तुम्हाला नंतर. आणि तुमच्याच फोनवरून तीच पत्रिका पुढं शंभर जणांना जाते, म्हणून तर ती ओळखीच्या नंबरवरून आलेली असते. आरटीओ चलनाच्या नावानंही हाच प्रकार चालतो. फाइलच्या नावाचं शेपूट वाचायची सवय लावून घ्या. चुकून दाबलंच तर आधी इंटरनेट बंद करा, ते अ‍ॅप काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

कागद फोनमध्ये घेणे

जुलै २०२१ मध्ये आमच्याकडं पुराचं पाणी आलं तेव्हा मी दुकानातली मशीन माळ्यावर चढवली, घरातली भांडीकुंडी वर ठेवली आणि कागदांची पत्र्याची ट्रंक कॉटखाली विसरलो. चार दिवसांनी उघडली. माझी दहावीची मार्कशीट, बायकोचं जातप्रमाणपत्र, वडिलांच्या नावचे उतारे, सगळ्याचा एकच लगदा. गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवले. उतारे पुन्हा निघाले, मार्कशीटची दुय्यम प्रतही मिळाली, पण त्यासाठी किती चकरा झाल्या ते विचारू नका. दुसऱ्यांचे कागद स्कॅन करून पोट भरणाऱ्या माणसानं स्वतःचे केले नव्हते.

तेव्हा डिजिलॉकर पहिलं. कागद फोनमध्ये ठेवायचं केंद्र सरकारचं अ‍ॅप आहे, २०१५ पासून आहे, फुकट आहे. प्ले स्टोअरवर सारख्या नावाची बरीच अ‍ॅप दिसतात, खाली भारत सरकारचं नाव बघूनच घ्या.

आत जाण्यासाठी मोबाइल नंबर, मग आधार नंबर, मग आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. निम्मी गाडी इथंच अडते, कारण आधारला जोडलेला नंबर जुना असतो, बंद पडलेला असतो नाहीतर पोराचा असतो. तसं असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून या. हे काम घरबसल्या ओटीपीवर करून देतो म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका.

आत गेल्यावर सहा आकडी पिन ठेवायचा. मग शोधायच्या जागी एकेक कागद मागवायचा: आधार, पॅन, गाडी चालवण्याचा परवाना, गाडीचं आरसी, दहावी-बारावीच्या मार्कशीट. नंबर टाकला की कागद थेट त्या खात्याकडून येतो आणि ‘इश्यूड’ या कप्प्यात बसतो. हा कप्पा लक्षात ठेवा. ताराराणी चौकात पोलिसांनी हात केला आणि तुम्ही ‘इश्यूड’मधला परवाना दाखवला तर तो कायद्यानं मूळ परवान्याइतकाच चालतो. तुम्ही स्वतः फोटो काढून त्याच अ‍ॅपमध्ये चढवलेला परवाना मात्र नुसता फोटोच. दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये दिसतात म्हणून लोकांची गल्लत होते.

‘नाव जुळत नाही’ असं आलं तर घाबरू नका, आधारवर ‘सुरेश बापू’ आणि परवान्यावर ‘सुरेश बापूसो’ असलं की असं होतं. कोल्हापुरात हे ‘सो’, म्हणजे ‘साहेब’, प्रकरण घरोघरी आहे. एकीकडचं नाव दुरुस्त करून घ्यावं लागतं, दुसरा उपाय नाही. कागद आले की पीडीएफ फोनमध्ये उतरवूनही ठेवा, ऐनवेळी नेटवर्क नसतं.

आधारच्या वेबसाइटवरून उतरवलेली पीडीएफ उघडायला पासवर्ड मागते. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्माचं वर्ष. सुरेश, जन्म १९७४ असेल तर एस, यू, आर, ई आणि लगेच १९७४. मध्ये जागा सोडायची नाही. बस, एवढंच आहे, यासाठी दहा रुपये देऊ नका कुणाला. मलासुद्धा.

लॉजवर, भाड्याच्या घराला किंवा कुठंही झेरॉक्स मागितली तर ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधारच्या वेबसाइटवरून कार्ड उतरवतानाच तसा पर्याय येतो.

जे कागद डिजिलॉकरमध्ये येत नाहीत, घरपट्टीची पावती, जुनी खरेदीखतं, दवाखान्याच्या फाइली, ते स्कॅन करा. गुगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये अधिकचं चिन्ह दाबलं की ‘स्कॅन’ येतं, वेगळं अ‍ॅप लागत नाही. एकेकाळी सगळ्यांच्या फोनमध्ये असलेलं कॅमस्कॅनर २०२० मध्ये सरकारनं बंद केलं, ते अजून कुठून तरी आणून टाकणारे लोक आहेत. नको. कागद खिडकीजवळ, गडद चादरीवर ठेवा. ट्यूबलाइटखाली उभं राहून काढला की आपल्याच डोक्याची सावली कागदावर पडते. आणि फाइलला नाव द्या. ‘आईचं रेशनकार्ड’ असं नाव शोधता येतं, नुसता आकड्यांचा ढीग शोधता येत नाही. मला प्रिंटसाठी पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून बारीक करतं आणि मग शिक्का वाचता येत नाही.

आणि काकांचा सातबारा. महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतो तो फक्त बघण्यापुरता. विभाग विचारला की पुणे निवडायचा, आपला जिल्हा त्यात येतो. मग तालुका, गाव, गट नंबर. बँकेत, सोसायटीत द्यायचा असेल तर महाभूमीच्या डिजिटल सातबारावरून काढायचा, त्यावर डिजिटल सही असते, १५ रुपये लागतात आणि तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. गट नंबर आजच फोनमध्ये लिहून ठेवा. ओढ्याकडचं रान कॉम्प्युटरला कळत नाही.

पैसे

गुगल पे, फोन पे, भीम, कुठलंही घ्या, आतून रस्ता एकच, यूपीआय. मला कुणी विचारलं तर मी आधी दुसरं खातं काढायला सांगतो. पेन्शन, ठेव, उसाचं बिल जिथं येतं ते खातं फोनला जोडायचंच नाही. दुसऱ्या खात्यात चार-पाच हजार ठेवायचे आणि तेच जोडायचं. गेले तरी तेवढेच जातील. गल्लीत माझी यावरून चेष्टा होते, होऊ दे.

बँकेत जो नंबर दिलाय त्याचं सिम त्याच फोनमध्ये असायला हवं. अ‍ॅप स्वतःच एक एसएमएस पाठवून तपासतं, म्हणून सिममध्ये एसएमएसचा बॅलन्स लागतो, रिचार्ज संपलेलं असेल तर इथं नुसतं चाक फिरत राहतं. पुढं एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकून यूपीआय पिन बनवायचा. आधारवरूनही बनतो.

सराव घरातच करा. बायकोला एक रुपया पाठवा, तिला परत पाठवायला सांगा. पाठवण्याआधी पडद्यावर समोरच्याचं नाव येतं, ते मोठ्यानं वाचा. दुकानात कोड स्कॅन केल्यावरही तसंच वाचा. “राजू चहा येतंय न्हवं?” असं विचारायला लाजू नका. कोडवर दुसराच कागद चिकटवून पैसे लाटायचे प्रकार झालेत.

यूपीआय पिन पैसे देण्यासाठीच असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही, ते आपोआप येतात. आमच्या शेजारच्या एकानं मुलाची जुनी सायकल विकायला ऑनलाइन जाहिरात दिली. तासाभरात फोन, समोरचा फौजेतला म्हणवणारा, हिंदीत साहेब-साहेब करून बोलणारा. सायकल न बघता भाव मान्य. मग त्यानं कोड पाठवला, “स्कॅन करो, पैसा आ जायेगा.” शेजारी माझ्याकडं कोड स्कॅन कसा करायचा ते विचारायला आला म्हणून वाचला. सायकल अजून त्यांच्या जिन्याखाली आहे.

‘पेंडिंग’ दिसलं की लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. बँकेचा मेसेज बघा, थोडं थांबा. आपण दुकानदार असाल तर गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा टिक धरून चालू नका, तसली खोटी चित्रं बनवणारी अ‍ॅप निघालीत. आपल्या खात्याचा मेसेज आला किंवा साउंडबॉक्स बोलला तरच पैसे आले. गर्दीच्या वेळी मी साउंडबॉक्सच ऐकतो, मान वर करत नाही.

मिसळ, चहा, भाजी असल्या किरकोळ खर्चाला ‘यूपीआय लाइट’ चालू करा. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५००० रुपये भरून ठेवता येतात आणि १००० रुपयांपर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं. बँकेच्या पासबुकात चहाच्या ओळींची रांगही लागत नाही.

साधा बटणांचा फोन असलेल्यांनाही हे बंद नाही. *९९# लावा, इंटरनेटशिवाय चालतं. सवय लागेपर्यंत जरा किचकट वाटतं, एवढंच.

आता फोनवर येणारे पोलीस. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागं भारताचं चिन्ह, तुमच्या आधारवर पार्सलात ड्रग्ज सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. याला ते ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. असा प्रकार कायद्यात नाही. कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी खात्यातले पैसे मागत नाही. फोन ठेवायचा. उद्धट वाटलं तरी ठेवायचा. आपल्याकडची वयस्कर माणसं “असं कसं मधेच ठेवायचं” म्हणून ऐकत राहतात, तिथं फसतात. तसंच कुरियरवाला बोलतोय म्हणून कुणी *४०१* लावून पुढं नंबर दाबायला सांगितलं तर तुमचे फोन आणि फोनवर सांगितले जाणारे ओटीपी त्याच्याकडं वळतात. दाबून बसला असाल तर ##००२# लावा, सगळं वळवणं रद्द होतं.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर फोन. घरच्यांना सांगायला लाज वाटते म्हणून लोक रात्रभर थांबतात आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून निघून जातात. पहिल्या तासात फोन केला तर मधल्या खात्यात ते गोठवता येण्याची शक्यता असते. हा नंबर ‘सायबर’ नावानं आत्ताच सेव्ह करा.

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात जाताना

हे खरं तर फोन शिकवायच्या यादीत नसतं, पण मला फार आवडतं म्हणून घालतोय. बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरो, त्यांचं बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे. हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६, आणि अक्षर-आकड्यांचा मिळून सहा खुणांचा एक कोड असतो. त्याला एचयूआयडी म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिना या कोडशिवाय विकता येत नाही.

भाचीच्या लग्नात अंगठी घ्यायला गेलो होतो. कोड इतका बारीक की डोळ्यांना दिसेना. सराफांकडून भिंग घेतलं, फोनचा कॅमेरा मोठा केला, कोड वाचला, अ‍ॅपमध्ये ‘व्हेरिफाय एचयूआयडी’मध्ये टाकला. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, कुठल्या केंद्रात तपासला, सगळं समोर आलं. प्रकार अंगठी, हातात अंगठी, जुळलं. अ‍ॅपमध्ये ‘चेन’ आलं असतं आणि हातात अंगठी असती तर प्रश्न विचारला असता. चांगला सराफ याचा राग मानत नाही, उलट आमच्या सराफांनी भिंग पुसून दिलं.

हेच अ‍ॅप पुढच्या खरेदीलाही लागणार आहे.

वीज जाते तेव्हा

पॉवर बँक, अ‍ॅडॅप्टर असल्या वस्तूंवर ‘आर’ आणि पुढं आठ आकडे असा नोंदणी नंबर असावा लागतो. बीआयएस केअरमध्ये तो टाकून बघा. रस्त्यावर तीनशेला मिळणाऱ्या पॉवर बँकेवर एकतर तो नसतो, नाहीतर भलत्याच वस्तूचा निघतो.

१०००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक ५००० चा फोन दोनदा भरणार असं साधं गणित लोक करतात आणि मग दुकानदाराशी भांडतात. आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट असतो, बाहेर ५ व्होल्ट द्यायचे असतात, त्या बदलात आणि गरम होण्यात बरंच जातं. हातात सहा-साडेसहा हजार येतात. म्हणजे एकदा पूर्ण आणि वर थोडं. हे माहीत असेल तर फसवल्यासारखं वाटत नाही. फुगलेली पॉवर बँक वापरू नका, उशीखाली ठेवून चार्जिंग तर अजिबात नको. एरवी अर्धी भरलेली ठेवायची, मे महिन्याच्या शेवटी पूर्ण भरायची.

आपल्याकडं मेच्या शेवटी करायची आणखी दोन-तीन कामं आहेत. एक इन्व्हर्टर बल्ब घ्या, साध्या होल्डरला बसतो, वीज गेली की आतल्या बॅटरीवर चालतो. स्वयंपाकघरात एक आणि जिन्यात एक पुरे. वाय-फायच्या राउटरला छोटा यूपीएस मिळतो, पण घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते वाचून जा, फोटोच काढून न्या. मोठ्या पुरात बाहेरची लाइनच बंद पडते तेव्हा त्याचा उपयोग नाही, तासाभर वीज गेली तर मात्र घरून काम करणाऱ्या पोरांचा जीव भांड्यात पडतो. आणि सेलवर चालणारा रेडिओ. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत फोनचे डब्बे झाले तेव्हा समोरच्या आजोबांचा रेडिओ अख्ख्या जिन्यानं ऐकला.

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात माणसं एकमेकांना राम राम करायच्या आधी “राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?” विचारतात. पंचगंगेच्या पाण्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आपल्याला पाढ्यासारखं पाठ. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निम्मे फोटो जुन्या पुरांचे असतात. फोटोवर बोट ठेवून गुगल लेन्सनं शोधलं तर तोच फोटो आधी कुठं आलाय ते दिसतं. इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं अ‍ॅप घ्या. वळवाच्या दिवसांत रानात जाणाऱ्यांनी ‘दामिनी’ घ्यावं, आजूबाजूला वीज कुठं पडतेय ते दाखवतं. ढग गडगडायला लागल्यावर अ‍ॅप उघडत झाडाखाली उभं राहायचं नाही, एवढं सांगायला लागू नये. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७, वीज गेल्याच्या तक्रारीला १९१२, बाकी कशालाही ११२.

लिहिण्यापेक्षा बोला

मराठी टाइप करता येत नाही म्हणून ‘कसे आहात’ इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्यांनी जीबोर्डच्या, म्हणजे गुगलच्या कीबोर्डच्या, भाषांमध्ये मराठी जोडावी आणि माइक दाबून बोलावं. प्रमाण भाषा झकास लिहितं. आमची काकू “व्हय, ईन की सांच्याला” म्हणाली तर त्यानं काय लिहिलं ते इथं छापण्यासारखं नाही. पाठवण्याआधी वाचा. बोलायची चोरी असेल तिथं इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्डही त्याच यादीत आहे.

इंग्रजी पत्र आलं, औषधाच्या पाकिटावरचं वाचायचंय, तर गुगल लेन्स धरा आणि भाषांतर मराठीत करा. छापील मजकुराला चांगलं आहे. डॉक्टरांच्या हस्ताक्षराला नाही, तिथं औषधाच्या दुकानातल्या माणसालाच विचारा.

चॅटजीपीटी, जेमिनी यांना मराठीत अर्ज लिहायला सांगता येतो. माझ्या दुकानात आता रोज दोन-तीन जण तसा अर्ज घेऊन येतात, पानभर ‘सविनय’ आणि ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’. पाणी कधीपासून येत नाही ते मात्र शेवटच्या ओळीत. त्याला सांगा, ‘सहा ओळींत, साध्या मराठीत, तारखेसह’. कायद्याचं कलम त्यानं घातलं असेल तर खात्री केल्याशिवाय सही करू नका, ते ठामपणे चुकीचंही सांगतं. आणि आधार, खाते नंबर त्यात घालू नका.

प्रवासाचं थोडक्यात: गगनबावड्यावरून किंवा आंबा घाटातून कोकणात उतरणार असाल तर घरून निघतानाच गुगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवा. घाटात नेटवर्क मधेच जातं आणि नकाशा कोरा पांढरा होतो.

फोन हरवला तर

हे सगळं जमलं की फोन म्हणजे पाकीट, कपाट आणि तिजोरी झाला. मग तो एसटीत राहिला तर? हीसुद्धा तयारी आजच.

*#०६# लावा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर दिसेल, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. खोक्यावरही असतो, पण खोकं दिवाळीच्या साफसफाईत जातं. हरवल्यावर क्रम असा: दुसऱ्याच्या फोनवरून आपला नंबर लावा, रिक्षावाल्यांनी उचलून परत दिलेले फोन मी बघितलेत. नाही उचलला तर गुगलचं ‘फाइंड हब’ उघडून फोन कुठं आहे ते बघा आणि तिथूनच कुलूप लावा. मग सिम बंद करा, बँकेला सांगून यूपीआय बंद करा. पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि तक्रारीची प्रत जोडून ‘संचार साथी’ या सरकारी वेबसाइटवर फोन ब्लॉक करा. त्यानंतर त्यात कुठलंही सिम घातलं तरी नेटवर्क मिळत नाही. सापडला तर तिथंच उघडता येतो. याच संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. एकदा बघाच, मला माझ्या नावावर एक अनोळखी नंबर सापडला होता, तिथंच ‘माझा नाही’ दाबून कळवला.

आता एक कोरा कागद घ्या. त्यावर आयएमईआय नंबर, गुगल खात्याचं नाव, बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर, १९३०, आणि मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर लिहा. मुलाचा नंबर पाठ असलेला माणूस मला गेल्या पाच वर्षांत भेटलेला नाही. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा आणि माळ्यावर ठेवा. कॉटखाली नको.

त्या काकांनीही असा कागद केलाय. वर पहिल्याच ओळीत गट नंबर, आणि पुढं स्वतःच्या हातानं: ‘ओढ्याकडचं’.